मोठ्यांच्या मापाची रुग्णवाहिका

सांडोर गावची ती मुलगी बावखलात पडली तेव्हा मला वसईत दवाखाना टाकून जेमतेम दोन वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन इथल्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आले आणि पापडीला रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत लहान मुलांची डॉक्टर म्हणून बसू लागले. बावखल म्हणजे काय हे मला इथे आल्यावरच कळलं. केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणून ठेवलेली तळी. दिसायला फार सुंदर, कडेला माड आणि पाण्यात त्यांच्या सावल्या. त्या अडीच वर्षांच्या मुलीला पाण्यात बदक दिसलं आणि ती त्याच्याशी बोलायला गेली.

सकाळची वेळ होती. दवाखान्यात सर्दी-खोकल्याची गर्दी. एक स्कूटर थेट पायरीपर्यंत चढली. पुढे मुलीचा काका, मागे तिचा बाप, आणि बापाच्या छातीशी ओलं बोचकं.

"डॉक्टरबाय, पाण्यात पडली," बाप म्हणाला. त्याने ती माझ्या पुढ्यात ठेवली.

मुलगी निळी पडली होती. श्वास नव्हता, पण नाडी हाताला लागत होती. हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी आणि लहान मुलांचा मास्क माझ्या टेबलावर होता. मी पिशवी दाबत राहिले. खोकणारी सगळी मुलं खोकायची थांबून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने आचका दिला, बावखलाचं हिरवं पाणी ओकली आणि रडली. रडणं अगदी बारीक होतं, पण होतं. तरीही श्वास कण्हत कण्हत चालला होता. कृत्रिम श्वासाचं लहान मुलांचं यंत्र हवं होतं आणि ते तेव्हा आमच्यापासून सर्वांत जवळ म्हणजे मुंबईत होतं. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला.

ॲम्ब्युलन्सची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती. प्रत्येक मंडळाची एक होती, प्रत्येक पतपेढीची एक होती, आणि ज्यांना पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं त्यांची तर असायचीच. आमच्या दारात आली ती एका मंडळाची. तिच्या अंगावर देणगीदाराचं नाव होतं, ज्यांच्या स्मरणार्थ दिली त्यांची नावं होती, उद्घाटकाचं होतं, प्रमुख पाहुण्यांचं होतं, आणि या सगळ्यांतून जी जागा उरली तिथे बारीक अक्षरात 'रुग्णवाहिका' असं होतं. समोरच्या बाजूला 'ॲम्ब्युलन्स' हे इंग्रजी नाव उलट्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसावं म्हणून. रंगाऱ्याला ती चूक वाटली असावी. त्याने स्वतःहून सुधारून सरळ लिहिलं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. मिठागरांच्या बाजूच्या गावातला, चाळिशीचा, पांढरीशुभ्र टोपी घातलेला.

"पेशंट कुठं हाय?"

"ही काय."

त्याने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही? मी समजलो कोनतरी मोठा मानूस हाय."

ॲम्ब्युलन्सचाही तसाच समज होता, हे आत चढल्यावर कळलं. स्ट्रेचर चांगलं सहा फुटी. त्याचे पट्टे सुटलेल्या पोटांच्या हिशेबाने शिवलेले. मुलीला बांधलं तरी ती त्यातून सुटीच राहिली. ऑक्सिजनचं सिलिंडर होतं आणि ते चक्क भरलेलं होतं, याचं मला एवढं आश्चर्य वाटलं की मी दोनदा काटा बघितला. मास्क मात्र एकच, मोठ्या माणसाचा. तिच्या तोंडावर ठेवला तर कपाळापासून गळ्यापर्यंत पोचला. सगळा ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी निसटून शेजारी बसलेल्या काकाला मिळू लागला, आणि त्याची तब्येत तशी ठणठणीत होती.

घशातलं पाणी ओढून काढायचा पायपंप होता. त्याची नळी नव्हती.

"नळी कुठे आहे?"

"ती धुवायला काढली होती बाई, गनपतीत."

"आताच्या गणपतीत?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाय. त्याच्या आधीच्या."

मुलगी गारठली होती. पांघरूण मागितलं. चादर मागच्या पेशंटबरोबर गेली, असं तो म्हणाला. मागचा पेशंट कुठे गेला हे विचारायची गरज त्याच्या चेहऱ्याने ठेवली नाही. बापाचा शर्ट ओला होता, म्हणून काकाने आपला काढून दिला. त्यात मुलगी गुंडाळली. मग मी माझी पिशवी आणि माझा मास्क आणला, सिलिंडरची नळी त्याला जोडली, दवाखाना कंपाउंडरवर सोडला आणि गाडीत बसले. काका मुंबईपर्यंत बनियनवर आला.

गाडीतली एकच वस्तू खरोखर सज्ज होती, ती म्हणजे भोंगा. "ल्हान पोर हाय म्हनून जोरात लावतो," ड्रायव्हर म्हणाला. भोंग्याने मुलगी दचकायची, दचकली की श्वास अडकायचा. मी ओरडले तेव्हा त्याने नाइलाजाने आवाज कमी केला. हायवेला खाडीच्या पुलाआधी ट्रकांची रांग लागली होती. ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेऊन वाट दिली, आणि आमच्या मागे दोन-तीन मोटारी चिकटल्या. ॲम्ब्युलन्स कशासाठी असते हे त्या मोटारवाल्यांना नेमकं माहीत होतं.

"वाचेल ना?" बापाने विचारलं.

मी त्याला काम दिलं. "तिच्या ओठांकडे बघा. गुलाबी दिसतायत तोवर मला 'गुलाबी' म्हणून सांगत राहा. रंग बदलला तर ओरडा."

तो माणूस मुंबईपर्यंत "गुलाबी, गुलाबी" म्हणत राहिला. दहिसर नाक्यावर पोलिसाने काचेतून आत डोकावलं तेव्हाही तो त्याच्याकडे बघून "गुलाबी" म्हणाला. पोलिसाने मुकाट्याने हात करून गाडी सोडली.

मुलगी वाचली. आठवड्याभराने घरी आली आणि पहिल्याच दिवशी बदकाची चौकशी केली, असं तिच्या आईने मला सांगितलं. घरच्यांनी बावखलाला कुंपण घातलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मला रात्री त्या मोठ्या मास्कची स्वप्नं पडायला लागली, म्हणून मी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत तोंड उघडलं.

मी सगळं सांगितलं. मग एकाने विचारलं, गाडी कोणत्या मंडळाची होती. दुसरा म्हणाला, "पण लहान मुलांना ॲम्ब्युलन्स लागतेच कुठे? आया त्यांना कडेवर घेऊन पळत येतात." हे खरं होतं. आया पळत येत, कारण ॲम्ब्युलन्स बोलावून काय होतं हे त्यांना आमच्या आधी कळलेलं होतं. शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला. ते सर्जन होते, गावात त्यांचा मोठा मान होता, आणि कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे दोनच उपाय असत, कापणे किंवा समिती नेमणे. इथे कापण्यासारखं काही नसल्यामुळे 'रुग्णवाहिका बालरुग्ण सज्जता पाहणी समिती' स्थापन झाली. नाव समितीपेक्षा लांब होतं. सभासद तीन. अध्यक्ष स्वतः, जे पहिल्या चहानंतर पुन्हा दिसले नाहीत. मी, कारण तक्रार माझी होती. आणि आरोग्य खात्यातून निवृत्त होऊन आमच्याच सोसायटीत राहायला आलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत.

साहेब नगरकडचे. कायम सफारी सूट. बोलणं सरकारी पत्रासारखं. त्यांच्याकडे पाणी आलं नाही तर ते सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणत, "सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे." पाहणीला निघायच्या दिवशी मी माझ्या मुलीची बाहुली बरोबर घेतली. कुणीतरी आखातातून आणलेली, वर्षाच्या बाळाएवढी, आडवी केली की डोळे मिटणारी. माझ्या मुलीने ती इंजेक्शन द्यायचं नाही या अटीवर दिली होती.

साहेबांनी बाहुलीकडे पाहिलं. "डॉक्टर, हे जरा शोभत नाही."

"मास्क बसतो की नाही ते कशावर बघायचं? तुमच्या नातवाला आणता का?"

साहेबांनी विचार केला. "तो चावतो," ते म्हणाले, आणि बाहुली समितीत आली.

पहिली गाडी एका नगरपालिकेची. तेव्हा आमच्याकडे एकच महापालिका झालेली नव्हती, वेगवेगळ्या नगरपालिका होत्या. कोणती ते सांगत नाही, कारण गाड्या बऱ्याचशा सारख्याच होत्या. ही गाडी कार्यालयामागे उभी होती आणि आत जंतुनाशक पावडरीची पोती रचलेली होती. पोती उतरवून घेतली. बाहुली स्ट्रेचरवर ठेवली. तिने डोळे मिटले. ड्रायव्हर, आणि पाणी खात्यातून शोधून आणलेला गाडीचा मदतनीस, दोघेही जरा गंभीर झाले.

"समजा," मी म्हणाले, "हे वर्षाचं बाळ आहे. ताप डोक्यात गेलाय, झटके येतायत. तुम्ही काय कराल?"

"आधी डिझेल भरीन," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि तुम्ही?"

मदतनीस पुढे झाला. "कांदा हुंगवीन म्याडम."

"गाडीत कांदा आहे?"

"नाय. मग चप्पल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्याकडे यासाठी सरकारी शब्द नव्हता.

एका देवस्थानच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला की ते लहान मुलं घेतच नाहीत. का, तर गाडी खराब होते. एका पतपेढीच्या गाडीत मास्कच नव्हता, त्यामुळे तो चुकीच्या मापाचा असण्याचा प्रश्न मिटला होता. मग एक खासगी रुग्णालय. तिथे आम्हाला थंड पेय मिळालं. गाडी नवीकोरी, आत थंड हवा, भिंतीवर चकचकीत यंत्र. टाय लावलेल्या व्यवस्थापकांनी सगळं स्वतः उघडून दाखवलं. मी रक्तदाब मोजायचा पट्टा बाहुलीच्या दंडाला लावायला गेले. तो दंडावर राहीना. शेवटी कमरेला बसला, बेताचा, कमरपट्ट्यासारखा.

"लहान मुलांचं कसं करता?"

"मॅडम, मुलांचं आम्ही ॲडजस्ट करतो."

"म्हणजे कसं?"

"प्रेमानं," ते म्हणाले.

कोपऱ्यात एक मोठा खोका होता आणि त्यावर बसायला गादी टाकली होती. साहेबांनी गादी उचलली. आत नवजात बाळाला उबेत ठेवायची पेटी, वेष्टनासकट. कुणा दात्याने दिलेली. पेटी उघडली तर बसायचं कुठे, असा प्रश्न असल्यामुळे ती उघडली नव्हती.

परत येताना आम्ही रिक्षा केली. आतापर्यंत साहेब बाहुलीला पायाला धरून, भाजीसारखी न्यायचे. त्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर होती आणि खड्डा आला की त्यांचा हात तिच्या डोक्यामागे जात होता. मी बघतेय असं लक्षात आल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तपासणीत आम्ही गाडी आहे का ते बघायचो. चालू आहे का ते बघायचो. आत कोण झोपणार, असा प्रश्नच कुणी विचारलेला नव्हता. मी पण नाही." मग विचारलं, "त्या सांडोरच्या मुलीचा बाप काय म्हणत होता म्हणालात, वाटेत?"

"गुलाबी."



आम्ही पाहणीत जे दिसलं ते साध्या मराठीत लिहून सगळ्यांना पाठवलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा 'सदर' शब्दाशिवाय पान लिहिलं. थोडक्यात सांगायचं तर पाहिलेल्या गाड्यांपैकी एकाही गाडीत लहान मुलाच्या तोंडाला बसेल असा मास्क वापरायच्या स्थितीत नव्हता. बराच काळ काहीच झालं नाही. मग एका नगरपालिकेकडून निरोप आला की समितीला सभागृहात बोलावलं आहे. मी रात्री जागून काय बोलायचं त्याची तयारी केली. गेलो तर मंचावर फुलांचे गुच्छ, ध्वनिक्षेपक आणि फोटोवाला. आमचं ऐकायला बोलावलं नव्हतं, आमचा सत्कार होता. ज्यांचा पाहणीत पत्ता नव्हता ते अध्यक्ष सर्जनही अचूक वेळेवर येऊन पहिल्या खुर्चीत बसले होते.

नगराध्यक्ष छान बोलले. मुलं हे उद्याचे नागरिक आहेत, असं ते म्हणाले, आणि उद्याचे असल्यामुळे त्यांची तरतूदही उद्यावर गेली असावी, हे मला तिथेच समजलं. नगरपालिकेने मुलांचा विचार करून ठरवलं होतं की रुग्णवाहिकेवर ससा आणि फुगे रंगवायचे. म्हणजे मुलं घाबरणार नाहीत. टाळ्या झाल्या. सर्जनांनी शाल-श्रीफळ घेतलं. मी घेतलं, चारचौघांत नाही कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही. मग साहेबांच्या खांद्यावर शाल घातली.

साहेबांनी ती काढली. घडी केली. फोटोवाल्याला वाटलं पुन्हा घालायची आहे, तो सावरून उभा राहिला.

"ही गाडीत ठेवा," साहेब नगराध्यक्षांना म्हणाले.

"अं?"

"तुमच्या गाडीत पांघरूण नाही. ओलं पोर आलं तर गुंडाळायला काही नाही. ही ठेवा. आणि या डॉक्टरांची पण ठेवा." ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "ससा नको आहे. मास्क पाहिजे. एवढासा." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "मी नोकरीत कधी आवाज चढवला नाही. पण तुम्ही चेष्टा लावली आहे!"

ज्या माणसाने नळाला पाणी न आल्याबद्दलही आवाज चढवला नव्हता तो 'चेष्टा' असं ओरडला आणि त्याच्या ओरडण्याने ध्वनिक्षेपक शिट्टी मारायला लागला. सर्जन त्यांच्या सफारीचा कोट मागून ओढत होते. नगराध्यक्ष हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं हे त्यांना येत होतं. तेवढ्यात सभागृहाच्या मागून दोन-तीन टाळ्या आल्या. दाराशी ड्रायव्हर लोक उभे होते, मंचावरच्या पाहुण्यांना सोडायला थांबलेले. त्यातला एक मिठागराकडचा, पांढऱ्या टोपीवाला.

पुढच्या आठवड्यात गाडीवर ससा रंगवून झाला. त्याचे कान खिडकीवर आले म्हणून ते दुमडले होते. शाली गाडीत गेल्या आणि तिथून त्या कुणाच्यातरी घरी गेल्या. स्थानिक पेपरात 'डॉक्टरांचा हृद्य सत्कार' अशी बातमी आली. तिच्यात साहेबांनी भावना व्यक्त केल्याचा उल्लेख होता.

मला वाटलं, संपलं. पण बातमी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो टोपीवाला ड्रायव्हर माझ्या दवाखान्यात येऊन रांगेत बसला. नंबर आल्यावर आत आला.

"पोर आणलं नाही?" मी विचारलं.

"पोर नाय. तो मास्क दाखवा बाई. आमच्या मंडलाच्या सेक्रेटरीला दाखवतो. साहेब बोलले ते त्याला लागलं." मग म्हणाला, "त्याच्या घरी पन ल्हान हाय."

त्या मंडळाने लहान मास्क घेतले, दोन मापांचे. एकाने घेतले म्हटल्यावर शेजारच्या मंडळाने तीन मापांचे घेतले आणि गाडीवर तसं लिहूनही घेतलं, देणगीदाराच्या नावासकट. माझी तक्रार नव्हती. चढाओढीने गणपती उंच होतात तर मास्क लहान का होऊ नयेत.

पण मास्क लावणार कोण? पापडीच्या चर्चच्या फादरांनी रविवारी मिसाच्या प्रार्थनेनंतर हॉल दिला. खुर्च्या होत्या तशा लावून जा, एवढंच सांगितलं. पहिल्या रविवारी ड्रायव्हर आले ते लग्नाला आल्यासारखे, हात मागे बांधून. बाहुली टेबलावर. कुणी तिला हात लावीना. साहेब पुढे झाले, सफारीच्या बाह्या वर सारल्या आणि मी शिकवलं होतं तसं बाहुलीची मान किंचित मागे केली, मास्क धरला, पिशवी दाबली. मग मागे वळून म्हणाले, "लाजायचं कारण नाही. मी पण लाजलो होतो."

टोपीवाला आला. त्याचा हात एवढा मोठा की बाहुलीचं तोंड त्याखाली नाहीसं झालं.

"डोळ्यांवर नको. नाक आणि तोंड, बस," मी म्हणाले.

"डोल्यावर येतो तो."

"मग माप चुकलं. छोटा घ्या."

त्याने छोटा घेतला. तो बसला. पिशवी त्याने ट्रकचा हॉर्न दाबावा तशी दाबली. मी म्हणाले, हळू, एवढ्याने पोट फुगेल, छाती वर आली की पुरे. त्याने दोन बोटांनी दाबून बघितली. तोंडाने तो नकळत "गुलाबी, गुलाबी" म्हणत होता. भोंग्याच्या आवाजात त्याला ते कसं ऐकू आलं होतं कोण जाणे.

सगळंच काही सुधारलं असं नाही. खासगी रुग्णालयाने खोक्यावरची गादी बदलली. देवस्थानची गाडी मुलं घेत नव्हती ती घेत नव्हतीच. दुसऱ्या रविवारी निम्मेच आले, तिसऱ्या वेळी साहेबांनी स्वतः गाड्यांच्या स्टँडवर जाऊन माणसं गोळा केली. पण त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका दुपारी टोपीवाला किनाऱ्याकडच्या गावातून सात महिन्यांचं बाळ घेऊन आला. छाती भरलेली. बाळ आईच्या मांडीवर, अंगावर कोरडी चादर, तोंडावर बरोबर मापाचा मास्क, आणि भोंगा बंद. मी बाळ हातात घेतलं तेव्हा त्याचे ओठ गुलाबी होते. टोपीवाला गाडी कुठे लावायची यावरून समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनशी भांडायला निघून गेला.

समिती कागदावर कधीच विसर्जित झाली नाही, तेव्हा साहेबांनी ती चालू ठेवली. दर महिन्याला ते स्टँडवर जात, न विचारता गाडीचं मागचं दार उघडत आणि खण तपासत. त्यांना लांबून येताना बघून काही ड्रायव्हर चहाला पळत. त्यांना अधिकार कसलाच नव्हता, पण सफारी होता. बरीच वर्षं हे चाललं. मग त्यांचे गुडघे गेले, बायको वारली आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला.

जायच्या दिवशी नेमका रिक्षांचा बंद होता. टोपीवाला गाडी घेऊन सोसायटीच्या दारात उभा. टोपी आता घालत नसे, केस पिकले होते. साहेबांना पुढे बसवायचं ठरलं होतं, पण ते मागेच चढले. मुलाला वाटलं, गुडघ्यांमुळे आडवं व्हायचं असेल. मीही पोचवायला निघाले. स्टेशन येईपर्यंत ते खण उघडून बघत होते. उतरताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, निरोपाचं काही बोलणार.

"डॉक्टर, सर्वांत लहान मास्कची कड चिरली आहे. हवा जाईल. आजच बदलून घ्या."

"घेते."

"आज."

"हो साहेब."

मुलाने त्यांचा दंड धरला आणि ते जिना चढायला लागले, एका वेळी एक पायरी. मागे वळून बघितलं नाही. मी गाडीत येऊन बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, चीर कुठे आहे ते.

"जाता जाता पन," तो म्हणाला. "बरं झालं गेले." आणि दवाखान्याकडे वळायच्या ऐवजी त्याने गाडी बाजारात घातली, सर्जिकल सामानाच्या दुकानापाशी. दुकान दुपारचं बंद होतं. मी म्हणाले, संध्याकाळी येऊ. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरून दुकानाच्या पायरीवर बसला आणि माझ्यासाठी शेजारची जागा हाताने झटकली.

"आज बोलले ना ते," तो म्हणाला. "बसा."